मार्चची तारीख

रिव्हॉल्व्हरची नळी माझ्या कपाळापासून हातभर लांब होती. धरणारा हसत होता.

"हात वर कर," आबा म्हणाले. "बघू, भेतीस का."

मी हात वर केले. दोन्ही. उजव्या हातातलं पेन तसंच हातात राह्यलं.

शेठ खुर्चीत बसून हसले. "अगं, आबा मस्करी करायलेत. रिकामं हाय ते."

रिकामं हाय हे मलाबी ठाऊक होतं. पाच मिनिटांपूर्वी मीच ते कपाटातून काढलं होतं, चक्री उघडून सहाही घरं बघितली होती, मग काउंटरवर ठेवलं होतं. तरी हात वर गेले. आणि दुसरी गोष्ट, जी मी बरेच दिवस कुणाला सांगितली नाय. मास्कच्या आत मी हसले. कुणाला दिसणार नव्हतं. तरी हसले. मालकाच्या मस्करीला हसायचं असतं, हे माझ्या तोंडाला माझ्याआधी ठाऊक होतं.

शहागंजच्या बाजाराला लागून हत्यारांचं ते दुकान. परवाना असेल त्यालाच माल मिळायचा. मी सहा वर्षं तिथं रजिस्टर लिहीत होते. कुणी घेतलं, परवाना नंबर काय, हत्याराचा नंबर काय, तारीख कोणती. भिंतीवर पाटी होती, ‘हत्यार रिकामे असले तरी कोणावरही रोखू नये’. शेठनी सांगितली, मी रंगवली.

लॉकडाऊन लागला तसं दुकान बंद झालं. दीड महिना शटर खाली. मे महिन्यात एक दिवस शेठचा फोन आला. "ये तासाभरासाठी. एक गिऱ्हाईक हाय, आपलं माणूस हाय." मी पुंडलिकनगरच्या खोलीतून चालत निघाले. क्रांती चौकात पोलिसांनी हटकलं, औषधाची जुनी चिठ्ठी दाखवली. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेले.

आत आबा बसले होते. माझ्याच गावचे. पन्नास एकराचे मालक. माझ्या बापानं त्यांच्या शेतात सालगडी म्हणून बावीस वर्षं काढलेली. मास्क असूनबी त्यांनी मला ओळखलं.

"नामदेवची ना तू? म्हारवाड्यातली?" मग शेठकडं बघून हसले. "बौद्धवाडा म्हणायचं आता. ध्यानातच राहत नाय."

"व्हय," मी म्हणाले. नेमकं कशाला व्हय म्हणाले, ते मला आजबी सांगता येत नाय.

त्यानंतर त्यांनी रिव्हॉल्व्हर उचललं. पुढचं सांगितलंच.

मी हात खाली घेतले. शेठ म्हणाले, "चल, नोंद कर."

मी परवाना उघडला. हत्याराच्या परवान्यावर खरेदीची मुदत असते. त्या मुदतीत हत्यार घ्यायचं. नाय जमलं तर अर्ज करून मुदत वाढवून घ्यायची. आबांची मुदत मार्चअखेर संपलेली होती.

"शेठ, मुदत संपली हाय."

"मला दिसत नाय का? मार्चची तारीख टाक. मार्चात दुकान उघडंच होतं की."

"आपण तेव्हा दिलं नव्हतं."

"तुला कोण विचारायलंय?" शेठचा आवाज बदलला. "रजिस्टर तुझ्या हातचं, अक्षर तुझं. अठरा आणि वीस मार्चच्या नोंदींच्या मधी एक ओळ मोकळी हाय. तिथं लिही."

खरंच ओळ मोकळी होती. माझ्याच हातनं सुटलेली. मी पेन त्या ओळीवर टेकवलं. खोटं कशाला सांगू, मी लिहिणार होते. आबांच्या नावाचं पहिलं अक्षर काढलंबी होतं.

तेवढ्यात आबांचा फोन वाजला. गावाकडून होता. ते माझ्यासमोरच बोलले, जसं खुर्चीटेबलासमोर बोलावं.

"शाळेतल्यांना सांग, बोअरकडं फिरकायचं नाय. चावी माझ्याकडं हाय. बोंबलू दे. मी सामान घेऊन येतोच संध्याकाळपर्यंत. एकदा नुसतं दाखवलं की गार पडत्यात."

शाळेत माझा भाऊ होता. पुण्यातली कंपनी बंद पडली म्हणून बायको आणि तान्ही पोरगी घेऊन चालत गावी आलेला. वेशीवरच अडवून शाळेच्या वर्गात ठेवलेले. संगं आमच्याच वाड्यातली अजून तीन घरं. सकाळी त्याचा फोन आला होता. "पाणी नाय गं. पोरीचं दूध पातळ करायलाबी नाय."

ते सामान माझ्यासमोर काउंटरवर होतं. ते संध्याकाळी शाळेच्या दारात जाणार होतं. माझ्या अक्षरात नोंदून.

मी मोकळ्या ओळीतलं ते एक अक्षर खोडलं. पानाच्या खालच्या कोऱ्या जागेवर आले. त्या दिवसाची तारीख घातली. आबांचं पूर्ण नाव, परवाना नंबर. पुढं लिहिलं : ‘परवान्यातील खरेदीची मुदत मार्चअखेर संपलेली. मागील तारखेची नोंद करण्यास सांगण्यात आले. हत्यार दिले नाही.’ खाली सही केली. पूर्ण सही, आडनावासकट.

शेठनी रजिस्टर ओढलं. वाचलं. पान फाडायला हात घातला आणि थांबले. प्रत्येक पानाला छापील नंबर होता, शिक्का होता. एक पान गेलं तर सरकारी तपासणीत उत्तर द्यावं लागतं.

"सहा वर्षं पोसली तुला," ते म्हणाले.

"काम केलं सहा वर्षं."

आबा ओरडले नायत. तेच जास्त वाईट होतं. रिव्हॉल्व्हर हळूच काउंटरवर ठेवलं, मिशीवरनं हात फिरवला. "नामदेवची पोरगी लई शिकली म्हणायची. गावात घर हाय ना अजून तुमचं?"

"हाय. आणि शाळेत कोंडलाय तो माझा भाऊ हाय. बोअरची चावी तुमच्याकडं हाय हे मी आता ऐकलंय."

शटरखालनं वाकून बाहेर आले. नोकरी गेली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मी तालुक्याच्या तहसील कचेरीत फोन लावला. पाण्याचं सांगितलं, चावी कुणाकडं हाय तेबी सांगितलं, नाव घेऊन. तिसऱ्या दिवशी शाळेत टँकर आला. माझ्या फोननं आला की कसा, ठाऊक नाय.

बाप फोनवर रडला. माझ्यासाठी नाय. "एक तारीखच तर होती गं," म्हणाला. "लिहून टाकायची. आपल्याला ऱ्हायचंय तिथं." बावीस वर्षं त्यानं असंच निभावलं, म्हणून मी शिकले.

लॉकडाऊन उठला. आबांनी अर्ज केला, रीतसर मुदत वाढवून घेतली, रीतसर रिव्हॉल्व्हर घेतलं. आता लग्नाकार्यात कमरेला लावून फिरतात. भाऊ गावातच ऱ्हायला, ते बघितलं की रस्ता बदलतो.

मला चिकलठाण्याच्या एका कारखान्यात काम मिळालं. तिथं गेटवर ताप मोजायचं यंत्र रोज कपाळावर धरायचे. पिस्तुलासारखंच. धरणारा वॉचमन बिचारा भला माणूस, "गुड मॉर्निंग ताई" म्हणायचा. माझे हात आपोआप वर जायला लागायचे. मी ते पर्सच्या पट्ट्यात गुंतवून ठेवायचे. यंत्रं गेली, साथ गेली. अजून कुणी समोरनं झटकन काही उचललं, साधा मोबाइल उचलला, तरी ती नळी दिसते. आणि मास्कच्या आत हसणारं माझं तोंड दिसतं. नळीपेक्षा ते तोंड जास्त छळतं.

म्हणून मी जबाब लिहिला. काय घडलं ते सगळं. रोखलं ते, बोलले ते, मार्चची तारीख, शाळा. मी हसले, तेबी लिहिलं. हत्यारांचे परवाने देतात त्या कचेरीत दिला, शिक्का मारून पोच घेतली.

कारकुनानं विचारलं, "साक्षीदार कोण?"

"दुकानाचे शेठ. पण ते सांगायचे नायत."

"मग कसं व्हायचं, बाई? एकटीच्या म्हणण्यावर?"

"नोंदवून तर घ्या."

त्याचं पुढं काही झालं नाय. कुठल्यातरी फायलीत असंल. पण परवाना जन्मभराचा नसतो. ठरल्या वर्षांनी नव्यानं करून घ्यावा लागतो, तेव्हा चौकशी होते, माणसाबद्दल गावात विचारतात. बाप म्हणतो, त्या टायमाला तू इकडं येऊ नकोस. मी त्याला सांगून ठेवलंय, मी येणार. सकाळच्या पहिल्या गाडीनं येणार, सगळ्यांसमोर उभी राहणार. आणि कुणाची हरकत हाय का, असं विचारलं की म्हणणार, हाय. माझी हाय.