दुसरा नर

गुरुवार, १४ मार्च २०२४. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.

वनखात्याच्या नोकरीत मी हाताखालच्या प्रत्येक वनरक्षकाला एक शिस्त लावली होती: आधी तारीख आणि वेळ, मग जनावर. निवृत्त होऊन मला एकोणीस वर्षे झाली. सवय गेलेली नाही.

त्या वेळी मी सिंगापुरात, सेम्बावांगमधील मुलाच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. समोर लॅपटॉप होता. इथे सकाळचे सहा म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरील वाळवंटात आदल्या दिवशीची दुपार. तिथल्या कॅमेऱ्यांतून काढलेली छायाचित्रे रोज याच सुमारास माझ्याकडे येतात. मी ती पाहतो आणि कोणते जनावर कोणते, हे कळवतो. याचे मला वेतन नाही. मी लाँग टर्म व्हिजिट पासवर राहतो. त्यावर नोकरी करता येत नाही. पत्नीच्या निधनानंतर मी इथे आलो. पहिले सहा महिने दिवस कसा संपवावा, हे समजत नव्हते. नंतर हे काम मिळाले.

जनावर म्हणजे जॅग्वार. आपल्या बिबट्यापेक्षा अंगाने भारी. बिबट्याच्या अंगावरची काळी कडी आतून रिकामी असतात. याच्या कड्यांत मध्ये ठिपके असतात. कोणत्याही दोन जॅग्वारांची कडी सारखी नसतात, आणि एकाच जॅग्वारची डावी कूस उजव्या कुशीसारखी नसते. वाघाच्या पट्ट्यांचेही तसेच आहे. ते वाचण्यात माझी नोकरी गेली, म्हणून हे काम मला जमले.

त्या सीमेवर लोखंडी खांबांचे उंच कुंपण आहे. ते पूर्ण झाले तेव्हा एक नर उत्तरेकडे होता. त्याच्या जातीचे बाकीचे सगळे दक्षिणेकडे राहिले. त्याला परत जाता येत नाही आणि तिकडून मादीला येता येत नाही. म्हणून तिथल्या काही मंडळींनी एक मादी आणली होती. पिल्लू असताना ती मेलेल्या आईजवळ सापडली. मोठ्या आवारात, माणूस दृष्टीस पडू न देता, त्यांनी तिला वाढवले आणि शिकार करायला शिकवले. ती आता चार वर्षांची आहे. या पावसाळ्याआधी तिला रानात सोडायचे होते. त्यानंतर उशीर होतो. आवारातले जनावर आवाराचेच होऊन बसते.

तिला सोडायची परवानगी देणाऱ्या समितीची अट अशी होती की रानात किमान दोन नर हवेत. एक नर, तोही म्हातारा, एवढ्या भरवशावर मादी सोडणार नाही, असे समितीने स्पष्ट केले होते. उत्तरेकडे आणखी एक, म्हणजे दोन नर आहेत, हे तीन वर्षांपूर्वी मी कळवले होते. माझ्या दीड पानाच्या टिपणावर सगळे उभे होते. समितीची शेवटची बैठक त्यांच्या गुरुवारी सकाळी होती, म्हणजे आमच्या गुरुवारी मध्यरात्री.

गेल्या महिन्यात त्यांनी ओढ्याच्या पात्रात एका कॅमेऱ्यासमोर दुसरा कॅमेरा लावला. त्या सकाळी त्या जोडीची पहिली छायाचित्रे आली. एकाच क्षणी एकाच जनावराच्या दोन्ही कुशी. डाव्या कुशीवर खांद्यामागे घोड्याच्या नालेसारखे तुटके कडे होते. ही पहिल्या नराची खूण. उजव्या कुशीवर बरगडीच्या वर एका कड्यात तीन ठिपके सरळ रेषेत होते. ही दुसऱ्या नराची खूण.

मी जुनी छायाचित्रे शेजारी ठेवून खुणा ताडून पाहिल्या. नऊ जुळल्या. तीन जुळल्या तरी पुरतात.

पहिला नर मी ओढ्यातल्या कॅमेऱ्यावरून ओळखला होता, नेहमी डाव्या कुशीने. दुसरा बावीस किलोमीटरवरच्या खिंडीतल्या कॅमेऱ्यावरून, नेहमी उजव्या कुशीने. डाव्या-उजव्यावरून दोन जनावरे मोजण्याइतका मी नवखा नव्हतो. माझा आधार निराळा होता. एके रात्री दोघांची छायाचित्रे ऐंशी मिनिटांच्या अंतराने निघाली होती. डोंगरातले बावीस किलोमीटर ऐंशी मिनिटांत कोणतेही जनावर चालत नाही. म्हणून दोन.

आता मी त्या रात्रीचा खिंडीतला संच मुळापासून उघडला. कॅमेरा लावताना माणूस त्याच्यासमोर पाटी धरतो. पाटीवर जागा, तारीख, वेळ. ते संचातले पहिले छायाचित्र. जनावर त्यात नसते, म्हणून मी ते कधी पाहिले नव्हते. पाटीवरची तारीख आणि कॅमेऱ्याने छापलेली तारीख यांत दोन दिवसांचे अंतर होते. घड्याळ चुकीचे लागले होते. ऐंशी मिनिटे नव्हतीच. दोन दिवस होते.

तो एकटा ओढ्याने उतरत होता आणि खिंडीने परतत होता. तीन वर्षे, त्याच वाटेने, त्याच दिशेने. उलट जाताना दोन-तीनदा दिसला होता. ती छायाचित्रे धूसर म्हणून मीच ‘अनिश्चित’ या सदरात टाकली होती.

सात वाजता सून बाहेर आली. ती रॅफल्स प्लेसला एका बँकेत आहे. मुलगा चार महिन्यांपासून कामासाठी परदेशात आहे, त्यामुळे घर तीच सांभाळते. माझा मुलगा एकुलता एक. या घरात तिला दीर नव्हते, ते मी वाळवंटातून आणून दिले, असे ती म्हणते.

“काय म्हणतायत माझे दीर?”

“थोरले आहेत. धाकटे नाहीत.”

तिने बुटाचा बंद बांधता बांधता वर पाहिले. “म्हणजे? गेले?”

“नव्हतेच.”

मी तिला पडद्यावर दाखवले. ती बँकेतली बाई. आकडा जुळतो की नाही ते तिला लगेच समजते. ती एका पायात बूट घालून खुर्चीवर बसली.

“मग आजची बैठक?”

“कळवावं लागेल.”

“आजच? बैठक होऊ द्या की. सोमवारी सांगा. तोवर ती पोरगी बाहेर तरी पडेल.”

“बाहेर पडून काय करील?”

“तुम्ही नाही बोललात तर कळणारे कुणाला, बाबा?”

“मादीला. पंधरा दिवसांत.”

तिने दुसरा बूट घातला. दारातून म्हणाली, “पोहे झाकून ठेवलेत. खा. नाहीतर संध्याकाळी मला तेच खावे लागतात.” लिफ्टचे दार मिटल्याचा आवाज आला. नात त्याआधीच शाळेला गेली होती.

मी लगेच फोन केला नाही. याची नोंद करणे आवश्यक आहे.

मी पार्कपर्यंत चालत गेलो आणि धक्क्यावर बसलो. समोर सामुद्रधुनी आणि पलीकडे दुसऱ्या देशाचा किनारा. दोन म्हातारे गळ टाकून बसले होते. आम्ही चार वर्षे एकमेकांना मान हलवून ओळख देतो. बोलायला समान भाषा नाही.

पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या रेंजमध्ये एक नाला होता. नाल्याच्या दोन्ही काठांवर दोन वेगळी बीटे, म्हणजे वनरक्षकांच्या गस्तीच्या हद्दी. वाघांच्या गणतीत दोन्ही बीटांच्या रजिस्टरांत एकेक मोठा नर नोंदला गेला. पावलांचे ठसे थोडे वेगळे होते. एकीकडे वाळू, दुसरीकडे चिखल. जुना वनरक्षक मला म्हणाला, “साहेब, एकच आहे जी तो. इकडे बी तोच, तिकडे बी तोच.”

“कशावरून?”

“दोन राहते तर भांडते ना. मी पाहिला त्याला. अंगावर ओरखडा नाही एक.”

“कागदावर दोन आहेत.”

“कागदावर राहतील जी,” तो म्हणाला.

मी दोन लिहून सही केली. आकडा वाढला होता आणि वाढलेला आकडा वरच्यांना आवडला. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही बीटे एकाच महिन्यात रिकामी झाली. मी रजिस्टरात ‘स्थलांतर’ लिहिले. त्या वनरक्षकाशी मी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यानेही काढला नाही. त्याला जाऊनही आता बरीच वर्षे झाली.

वाळवंटातल्या नराची तीन वर्षांची छायाचित्रे माझ्याकडे होती. त्यांत एकही नवी जखम नव्हती. दोन नर, एकच ओढा, आणि ओरखडा नाही. हे मला दिसायला हवे होते.

साडेदहाला घरी येऊन मी फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात होते. त्या कामाची प्रमुख चाळिशीची बाई आहे. पाच वर्षांत आम्ही प्रत्यक्ष भेटलेलो नाही. ती मला सर म्हणते. आमचे बोलणे इंग्रजीत होते. इथे मराठीत देतो.

मी सांगितले.

“खात्री आहे, सर?”

“नऊ खुणा. आणि पाटी.”

“पाटी कुणी धरली होती?”

“हात दिसतो. चांदीचं जाड कडं आहे.”

“म्हणजे मीच.” ती म्हणाली. “बॅटरी बदलली आणि घड्याळ लावायचं राहिलं. ही माझी चूक.”

“पाटी पाहायची राहिली. ती माझी.”

“मग ती या वर्षी सुटत नाही.”

“नाही.”

“आणि पुढच्या वर्षी ती सोडण्याजोगी राहणार नाही. हे तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“तो किमान अकरा वर्षांचा आहे. आणखी किती काढील?”

“दोन. फार तर तीन.”

“एक दिवस थांबला असतात तर मी तुमच्यावर रागावले असते,” ती म्हणाली. “आत्ताही रागावलेच आहे. लेखी पाठवा. मी सकाळी सहाला निघते, त्याच्या आत. आणि या वेळी चार वाक्यं जास्त लिहा. तुमची पत्रं तारेसारखी असतात. समितीला वाटतं, कुणीतरी वारलं.”

मी पत्र लिहायला बसलो. साडेपाच तास लागले. चुकीचे कारण, घड्याळ, पाटी, नऊ खुणा, धूसर छायाचित्रे, सर्व क्रमाने दिले. घड्याळाचा दोष आधी लिहिला होता. तो खाली नेला आणि माझा वर आणला. शेवटी लिहिले: तीन वर्षांपूर्वी मी दोन नर असल्याचे कळवले. ते चूक होते. नर एक आहे. चार वाक्ये जास्त लिहिता आली नाहीत. चार वाजून वीस मिनिटांनी पत्र पाठवले. मग पोहे खाल्ले.

संध्याकाळी जेवताना सुनेने विषय काढला नाही. नातीने काढला. ती बारा वर्षांची आहे. मराठी समजते, उत्तर इथल्या धाटणीच्या इंग्रजीत देते. फार पूर्वी तिने वाटणी केली होती: पहिला नर माझा, दुसरा तिचा.

“व्हाय मस्ट बी माइन?” ती म्हणाली. “युवर्स ऑल्सो कॅन गो, व्हॉट.”

“दोन्ही एकच होते,” मी म्हणालो.

तिने थोडा विचार केला. “देन शेअर, लाह.”

“गप जेव,” सून तिला म्हणाली आणि माझ्या ताटात न विचारता भात वाढला.

आठ वाजता उत्तर आले. ती पहाटे चारलाच उठली असावी. तिने लिहिले होते: पत्र मिळाले. समितीच्या अध्यक्षांना आत्ताच पाठवले आणि त्यांचा फोनही आला. मादी थांबेल. तिच्यासाठी दक्षिणेतल्या एका प्राणिसंग्रहालयाला विचारते आहे. पत्र चांगले होते.

सून आणि नात आपापल्या खोल्यांत गेल्या होत्या. मी लॅपटॉप पुन्हा उघडला.

गेल्या हिवाळ्यातली एक चित्रफीत दुसऱ्या नराच्या नावावर होती. खिंडीत तो उभा राहतो आणि ओरडतो. करवतीने लाकूड कापावे तसा तो आवाज असतो. मग थांबतो. कान पुढे करून चाळीस सेकंद ऐकतो. पुन्हा ओरडतो, पुन्हा थांबतो. असे पाच वेळा. खाली माझी टीप होती: ‘पहिल्या नरास इशारा.’ ती टीप मी काढली. तिथे ‘ओरडणे, पाच वेळा’ एवढेच लिहिले. उत्तर आल्याची नोंद करता येण्यासारखे काही नव्हते.

नंतर दुसऱ्या नराच्या फोल्डरमधली सगळी छायाचित्रे पहिल्याच्या फोल्डरमध्ये हलवली, तारखांच्या क्रमाने लावली, आणि खिंडीतल्या त्या संचाच्या प्रत्येक तारखेतला दोन दिवसांचा फरक दुरुस्त केला. त्याला चाळीस मिनिटे लागली. दुसरा फोल्डर रिकामा असल्याची खात्री केली आणि तो काढून टाकला.