चटईवरचं आमेन
डासांच्या कॉइलचा धूर नाकात गेला की मला आमच्या घरची ती एक प्रार्थना आठवते. आमचं घर तमिळ मुलखात, कालव्याकाठी, त्यामुळे दिवेलागणीला डास ठरलेले. कॉइल पेटवायची, चटई अंथरायची आणि मी, नवरा आणि नुकतीच बारावी झालेली मुलगी असे तिघं गुडघे टेकायचो. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण प्रार्थना चर्चमधल्यासारखी तमिळमध्येच व्हायची. मुलीला शिकायला चेन्नईला जायचं होतं. मला ते पसंत नव्हतं, पण समोरासमोर वाद घालणं मला कधी जमलं नाही. म्हणून मी रोज डोळे मिटून मोठ्याने म्हणायची, "प्रभू, आमच्या लेकीच्या मनातून हा हट्ट काढ, तिला आईबापांचं ऐकायची बुद्धी दे." ती निमूटपणे आमेन म्हणायची. मग एका संध्याकाळी प्रार्थना म्हणायची वेळ तिच्यावर आली आणि तिने घरच्या मराठीतच सुरुवात केली, "प्रभू, आईला जे सांगायचंय ते तिला मलाच सांगू दे. मी इथे तिच्या शेजारीच आहे." नवऱ्याने घसा खाकरला आणि जरा जास्तच जोरात आमेन म्हटलं. मला राग आला होता. तरी जेवताना तिच्या पानात सांबार वाढता वाढता मी विचारलं, "इतक्या लांब कशाला गं?" ती बोलत राहिली, भात निवून गेला. आता ती चेन्नईत असते आणि चटईवर आम्ही दोघंच. तिला जे सांगायचं ते मी फोनवर सांगते, भांडतेसुद्धा. प्रार्थनेत फक्त तिचं नाव घेते.