बैल थांबले, मास्तर गेले पुढे

धावती गाडी थांबायला किती अंतर लागतं, हे मी जन्मभर मुलांना शिकवलं, आणि माझ्या हातातली गाडी आजवर एकदाही माझ्याकडून थांबलेली नाही.

चांद्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. स्वातंत्र्य नवं होतं आणि मास्तर म्हणून मीही. वेग, वजन, घर्षण, सगळं फळ्यावर काढायचो. फळ्यावरची गाडी माझं ऐकायची. सुट्टीत मूल गावाकडच्या आमच्या खेड्यात गेलो की माझा बाप, म्हणजे बा, शेजाऱ्यांना सांगायचा, "मास्तर आला. गाडी कशी थांबते ते त्याले पुसा, बैल कसे जुपतात ते मले पुसा." (जुपणं मला अजूनही येत नाही.)

बाची पटाची जोडी होती, राजा आणि पाखऱ्या. धान निघालं की आमच्याकडे शंकरपट भरतो. रिकाम्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, एक सरळ वाट काढतात आणि तिच्यावरून बैलजोड्या पळवतात. आमच्या गावात जोडी सुटायची ती डफडं कडाडलं की. आणि आमची जोडी थांबायची ती वाटेच्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली, कारण तिथे बा खांद्यावरचा शेला पसरून उभा असायचा. दम्यामुळे त्याला धावपळ जमत नव्हती, म्हणून तो टोकालाच उभा राहायचा. बैल पळायचे ते त्याच्याकडे.

त्या वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं, कौशीचं लग्न झालं. आई आम्ही लहान असतानाच गेलेली. घर, गोठा आणि बा, तिन्ही कौशीनेच सांभाळलेलं. तिला वैनगंगेपार दिलं होतं. पावसाळ्यात नदी भरली की होड्या-डोंगे बंद, मग दिवाळीपर्यंत भेट नाही, हे बापलेकीला चांगलं ठाऊक होतं. बाने हुकूम सोडला की माझी पोरगी पटाच्याच जोडीने सासरी जाईल. आणि पाठवणीच्या वेळी हा गृहस्थ गायब! बांधीत पाणी पाहून येतो म्हणाला म्हणे. भर वैशाखात! तेव्हा बांधीत पाणी कसलं, बेडूकसुद्धा सापडला नसता. मी काय ते समजलो. त्याला चार लोकांत रडायचं नव्हतं.

कौशी काही रेंगीत चढेना. रेंगी म्हणजे पटाची ती हलकी, दोन चाकांची गाडी.

"बा कुठी आहे, दादा? त्याले पाह्यल्याबिगर मी नाई जात."

नवरदेवाची गाडी पुढे निघालेली. नवरदेवाची मावशी करंज्यांची टोपली मांडीवर घेऊन आमच्या रेंगीत कधीची बसली होती आणि उशीर झाला, उशीर झाला म्हणून कुरकुरत होती. मी ठोकून दिलं, "बा वाटेत भेटते तुले. बस तू." ती बसली. आमचा गडी कासरा धरतो म्हणत होता. त्याला मी सांगितलं, बाबा रे, मला गतीचे नियम ठाऊक आहेत.

आणि पाठवणीचं डफडं कडाडलं.

नवरदेवाची गाडी डावीकडे रस्त्याला लागली, आम्ही उजवीकडे बांध्यांत, पटाच्या वाटेला! मी कासरा ओढला. थांबताना पहिलं अंतर माणसाच्या डोक्यात जातं, असं मी वर्गात शिकवत असे; थांबायचंय हे कळून हात हलेपर्यंत गाडी निघून गेलेली असते. माझं पहिलं अंतर पाच-सहा बांध्यांचं भरलं. दुसरं मोजायची वेळच आली नाही, कासराच हातातून सुटला. मी डोळे मिटून मारुतीचा धावा सुरू केला. मावशी माझी मान धरून माझ्या बापाचा उद्धार करत होती. करंज्या मागे सांडत होत्या, करंज्यांमागे गावची कुत्री आणि कुत्र्यांमागे सगळं वऱ्हाड. घाबरली नव्हती ती एकटी कौशी.

"तो पाह्य, बा," ती म्हणाली.

मी डोळे उघडले. मोहाखाली बा शेल्यात तोंड खुपसून बसला होता. त्याने मान वर केली, धापा टाकत उठला, वाटेच्या मधोमध आला आणि ओला शेला पसरून उभा राहिला. बैल त्याच्यासमोर येऊन थांबले. बैल थांबले म्हणून गाडी थांबली. मी मात्र थांबलो नाही. दोन बैलांच्या मधून, बाच्या बाजूने मी थेट शेणखताच्या ढिगात गेलो, डोकं आधी. धावती वस्तू धावतच राहते, हा नियम त्या दिवशी मला मनापासून पटला.

ढिगातून बाहेर आलो तेव्हा माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. कौशी बाच्या गळ्यात पडली होती आणि बा लपवायचं विसरून ढसाढसा रडत होता.

"मले पाहवत नाई वो माय, तुले जाताना."

"मंग नको पाहू, बा. धरून ठेव जराशी."

मावशीलाही उशिराचा विसर पडला. तिने टोपलीत उरलेली एक करंजी बाच्या हातावर ठेवली. मग बानेच कासरा घेतला आणि नदीपर्यंत रेंगी नेली, पायी चालावं इतकी हळू.

श्रावणात बा गेला. वैनगंगा दुथडी भरून वाहत होती, डोंगा सुटेना. कौशीला निरोप पोचला तोच पूर उतरल्यावर. मी चांद्याहून आलो, सगळं उरकलं, परत गेलो, आणि मला रडू फुटलं ते पुष्कळ दिवसांनी, वर्गात घर्षण शिकवताना. (पहिलं अंतर माझं नेहमीच लांब.)

कौशी आली ती आधी गोठ्यात गेली. राजाच्या मानेवर डोकं ठेवून रडली, मग म्हणाली, "दादा, त्या दिवशी तू गाडी मुद्दाम तिकडे वळवली नं? वाटेत भेटते म्हणला होता."

मी तिला खरं तेच सांगितलं. थाप मारली होती, कासरा सुटला होता, डोळे मिटले होते. दर भाऊबीजेला सांगत आलो. तिला ते पटत नाही, आणि माझ्या ताटात एक करंजी जास्तीची पडते. आता मी वाद घालणं सोडलंय. जन्मात एकदाच मी कोणाला तरी वेळेवर पोचवलं, आणि तेही गाडी थांबवता आली नाही म्हणून.