मेंदीचं कुंपण आणि तुऱ्यांचं गवत

उपटलेल्या गवताचा गड्डा तो आधी पायताणाच्या टाचेवर आपटायचा. माती झडली की मुळं उन्हाकडे धरून बघायचा आणि कुंपणापलीकडे भिरकावत म्हणायचा, "गवत त्ये गवत. त्येचा कसला लाड?"

साताऱ्यातल्या आमच्या कचेरीचा हा माळी. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही मामाच म्हणतो. नाव सांगत नाही. त्याचं नाव घ्यायला मला तोंड नाही, आणि ते का, हे तुम्हाला कळेलच.

सकाळी डोळे उघडल्यापासून कुणावर ना कुणावर चिडलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. मामा शेळ्यांवर चिडायचा, वाफ्यातून चालणाऱ्या पट्टेवाल्यांवर चिडायचा, पाणी न येणाऱ्या नळाशी तर तासन्‌तास भांडायचा. पहिल्या महायुद्धात तो पलटणीबरोबर मेसपोटला, म्हणजे इराककडे, जाऊन आलेला. पलटणीत शिकलेली हिंदुस्थानी बोली त्याने झाडांसाठी राखून ठेवली होती. मेंदीची एखादी फांदी रेघ सोडून बाहेर आली की कातरी रोखून म्हणायचा, "लैन में खडा रहो!" आणि मग तिचं मुंडकं उडवायचा.

मी तेव्हा बावीस वर्षांचा, सांगलीहून नुकता आलेला हंगामी कारकून. एकदा चार दिवस तापाने पडलो, तर हा माझ्या खोलीत पेजेचं भांडं घेऊन हजर. "खानावळीत गिळता आन्‌ मग कण्हता! आईला का आनत न्हाई हिकडं?" मी म्हटलं, "मामा, नोकरी कायम झाली की आणतो." त्यावर आणखी चिडला. "मग व्हा की कायम! कुनी धरलंय?" आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याने आमच्यासाठी दोन खणांची जागा बघून ठेवली, विहीर जवळ असलेली. म्हातारीला पाणी लांबून आणायला लागू नये म्हणून.

कचेरीभोवतीचं मेंदीचं कुंपण त्याने स्वतः लावलेलं. पाटणजवळच्या त्याच्या गावातून काड्या आणून एकेक रोवली होती. बारा महिने हिरवं, छातीएवढं उंच, वरून असं सपाट की धोतर वाळत घालावं. नागपंचमीच्या आधी महिनाभर तो कातरीला हात लावायचा नाही. चतुर्थीला आळीतल्या माहेरवाशिणी पाला न्यायला यायच्या. मामा कंबरेवर हात ठेवून उभा. "पाला ओरबाडा, पर फांदी मोडाल तर बगा!" बाया हसायच्या. "मामा, आवं रंगली न्हाई तर तुमालाच शिव्या देऊ!" सगळ्या गेल्या की तो एक जुडी ओल्या फडक्यात बांधायचा आणि वाईच्या मोटारीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा. त्याची लेक वाईला दिलेली. सासरची माणसं तिला पंचमीला धाडत नसत, म्हणून त्यांच्यावरही हा वर्षभर चिडलेला.

आणि मग ते नवे साहेब आले.

साहेब कुठलेकुठले बंगले बघून आलेले. मेंदी बघून त्यांनी नाक मुरडलं. म्हणाले, "हे काय खेडवळ! शेताचा बांध आहे का?" महिनाभरात बंगलोरहून गोणपाटात बांधलेले गवताचे ठोंब आले. शोभेचं गवत. पुरुषभर उंच वाढतं, वर चंदेरी तुरे येतात, वाऱ्यावर झुलतात, पंधरवड्याला कातरी लावायला नको. साहेब हे सगळं इतक्या प्रेमाने सांगत होते की मला क्षणभर पटलंसुद्धा. खोटं कशाला बोलू, पुढे दिवाळीनंतर त्या गवताला तुरे आले तेव्हा ते देखणं दिसायचं. त्याचाच मला जास्त संताप यायचा.

मामाने ठोंब टाचेने उलटापालटा केला. "सायेब, उसाला तुरा आला की आमी कपाळाला हात लावतो. रस संपला त्येचा. आन्‌ ह्ये तुऱ्यासाठीच लावायचं?"

"शोभेसाठी असतं ते."

"होळीपातुर वाळून जाईल. बुडातनं कापायला लागंल. मग दोन म्हैनं कचेरी उघडी. शेळ्या तर आदीच फडशा पाडतील. मेंदीला शेळी तोंड लावत न्हाई. बारा म्हैनं एकसारखी उबी ऱ्हाती."

"तुला कुणी विचारलंय?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. मामाने मान हलवली, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "बरं. हुकूम हाय, तर काढतो." स्वतः लावलेलं कुंपण स्वतः खणून काढायला माणूस तयार झाला, हे नीट लक्षात ठेवा. कारण पुढे त्याला आडमुठा म्हटलं गेलं, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

मोठे साहेब तपासणीला येणार, असं नेमकं नागपंचमीच्या आदल्या दिवशी कळलं. षष्ठीला सकाळी येणार. साहेबांनी मामाला बोलावून फर्मावलं, "उद्याच्या उद्या कुंपण खणून गवत लाव."

आता पंचमीला आपल्याकडे काय करतात आणि काय करत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला नको. विळीवर भाजी चिरत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत, आणि जमिनीत तर कुणी कुदळ घालत नाही. मामा म्हणाला, "सायेब, उद्या न्हाई जमायचं. परवा तांबडं फुटताना येतो. मोठं सायेब यायच्या आत समदं करून ठेवतो."

"पलटणीत होतास ना? तिथे पंचमीला खंदक खणत नव्हतास?"

"खनला की. समोर दुश्मन हुता." मामाने खिडकीतून बाहेर बघितलं. "हितं कोन चालून आलंय?"

मला हसू आलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि ते हसू जिथल्या तिथे मेलं.

मामा बाहेर गेल्यावर साहेबांनी मला दार लावायला सांगितलं. पलटणीतल्या माणसाला काढून टाकायचं तर वरच्या कचेरीची चौकशी मागे लागते. राजीनामा असला की कटकट नाही. "लिही," साहेब म्हणाले, "आणि त्याला सांग, उद्याच्या रजेचा अर्ज आहे." त्यांच्या टेबलावर काचेच्या वजनाखाली माझ्या कायमपणाचा कागद होता, सहीवाचून पडलेला. साहेबांनी तो नुसता थोडा पुढे सरकवला.

मी लिहिलं. चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं, लाज वाटत नव्हती मला!

मामा व्हरांड्यात फडक्यात जुडी बांधत बसला होता. शाई लावायला अंगठा पुढे करत त्याने विचारलं, "काय लिवलंय, भाऊसाहेब?"

"उद्याची रजा."

"बगा! सायेबाला समजावलंत न्हवं तुमी?" त्याचा चेहरा खुलला. त्याला हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. "आपला मानूस कचेरीत असला म्हंजी लय बरं असतं." त्याने अंगठा दाबून उठवला. सही झालेला माझा कागद मला त्याच संध्याकाळी मिळाला.

पंचमीला टिकाव धरायला साताऱ्यात माणूस मिळेना. शेवटी साहेबांनी रस्त्याच्या कामावरचे दोन परमुलखातले गडी आणले. दुपारपर्यंत मेंदी मुळासकट बाहेर पडली आणि तिच्या जागी गवत लागलं.

षष्ठीला मामा बोलल्याप्रमाणे तांबडं फुटताना आला. खांद्यावर टिकाव. पट्टेवाल्याने त्याला फाटकात अडवलं आणि सांगितलं, "तुजा राजीनामा झालाय." तेव्हापासून तो तिथेच बसून होता, म्हणे माझी वाट बघत. मी कचेरीत मागच्या दाराने शिरलो.

दहाच्या सुमाराला मोठे साहेब आले. वयस्कर, आपल्याकडचेच. गाडीतून उतरले, चारी बाजूंना बघितलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "काय हे रान माजलंय! पावसाळ्यात गवत काढायला माळी नाही का तुमच्याकडे?"

तुरे येतात दिवाळीनंतर. श्रावणात ते नुसतं गवत होतं! दुसरी कुठली वेळ असती तर मी पोट धरून हसलो असतो.

आमचे साहेब लालेलाल झाले. "माळ्याने राजीनामा दिला साहेब. फार आडमुठा होता."

"हा कोण मग, टिकाव घेऊन बसलेला?"

पट्टेवाल्याने सांगितलं. मोठ्या साहेबांनी मामाला आत बोलावलं. माझ्या हातात दप्तर होतं, त्यातला तो कागद त्यांनी मागून घेतला. वाचला, उलटा करून बघितला, पुन्हा वाचला. त्यांना काहीतरी वास आला असावा.

"राजीनामा दिलेला माणूस सकाळी हत्यार घेऊन कामावर येतो होय? खरं सांग. घाबरू नकोस. हा अंगठा तुझा आहे?"

"माजाच हाय, सायेब."

"कागदात काय लिहिलंय ते ठाऊक होतं तुला? खोटं सांगून घेतला असेल तर आत्ता बोल. तुझी नोकरी तुला परत मिळेल, आणि ज्याने हे केलं तो घरी जाईल."

मामाने माझ्याकडे बघितलं. तुम्हाला काय सांगू! शेळीवर भडकणारा, नळाला शिव्या देणारा माणूस तो. त्याने मला तिथे फाडून खायला हवं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोल, ओरड, घाल शिव्या. आणि त्याच वेळी हेही म्हणत होतो की बोलू नकोस, माझी आई परवाच्या मोटारीने येतेय. मी कायम झालो की ती येणार, हे त्याला माहीत होतं. तिच्यासाठी जागा त्यानेच बघितली होती.

"ठावं हुतं की," मामा म्हणाला. "भाऊसाहेबांनी समदं वाचून दावलं हुतं. माजंच वय झालं आता. इसरलो, आन्‌ सवयीनं आलो."

मोठ्या साहेबांनी कागद दप्तरात टाकला. मामाने टिकाव हत्यारांच्या खोपटात नेऊन ठेवला, टोपी सारखी केली आणि नव्या गवताकडे न बघता फाटकाकडे निघाला. माझ्याच्याने राहवलं नाही. मी दप्तर तसंच टाकून त्याच्यामागे धावलो.

"मामा," मी म्हटलं.

तो वळला नाही. फक्त आवाज खाली आणून, मला आजवर कधी न ऐकवलेल्या मऊपणाने म्हणाला, "आत जावा, भाऊसाहेब. सायेब बगत्यात."

आणि मी आत गेलो.