टाकी तापली त्या दिवशी

दिघ्यात आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर ॲनोडायझिंगचा एक गाळा होता. मी आणि माझी थोरली जाऊ तिथे ॲल्युमिनियमचे पार्ट जिगला, म्हणजे धातूच्या चौकटीला, टांगायचो. जिग ॲसिडच्या टाकीत सोडून करंट दिला की पार्टवर कडक थर चढतो. थर जाड होतो तसा करंटला अडवतो आणि पार्टच्या अंगालाच उष्णता सुटते. म्हणून ॲसिड थंडगार ठेवावं लागतं. ते काम चिलरचं.

त्या दिवशी चिलर सकाळपासून बंद होता. जाऊ सुपरवायझरला म्हणाली, "साहेब, टाकी गरम लागतेय. जिगच्या पकडीपाशी पार्ट जळायला लागलेत."

"तू इंजिनियर आहेस का? गप टांग." त्याने तिला खांद्याला धरून ढकललं आणि करंट आणखी वाढवला.

पकड ढिली असली की तिथे जास्तच तापतं. जाऊ वाकून तेच बघत होती, तेवढ्यात ठिणगी उडाली. करंटने सुटणाऱ्या हायड्रोजन गॅसचा फेस टाकीवर साचलेला. तो धाडकन पेटला आणि ॲसिड उसळून तिच्या गालावर, मानेवर आलं. तिची किंकाळी अख्ख्या गल्लीत गेली.

मी तिला ओढत नळाखाली नेलं, ओढणी फाडून काढली, पाणी सोडलं. एक कामगार स्विचकडे धावला. सुपरवायझर ओरडला, "करंट बंद करू नको! सगळा लॉट जाईल!"

रिकामा जिग हाताशी होता. मी तो त्याच्या तोंडावर हाणला. तो गुडघ्यांवर आला, ओठ फाटला, एक दात फरशीवर पडला. मी परत हाणला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा जाऊच ओरडली, "सोड त्याला! मला दवाखान्यात ने!"

मालकाने पोलिसात तक्रार केली नाही. बंद चिलरचं प्रकरण बाहेर आलं असतं. आम्हा दोघींना मात्र काढून टाकलं. जाऊचा डोळा वाचला, मानेची कातडी आवळली. ड्रेसिंग मीच करायचे. एक दिवस ती म्हणाली, "पहिला फटका माझ्यासाठी होता. दुसरा कोणासाठी मारलास?"

मी बँडेज गुंडाळत राहिले. दुसरा मारताना मला बरं वाटलं होतं, हे तिला कसं सांगणार? कधीतरी सांगितलंच. ती म्हणाली, "माहितीये. मी तुझं तोंड बघितलं होतं."

आता ती ऐरोलीत पोळ्या लाटायला जाते. मी अजून काम शोधतेय.