लाल रेनकोट

ते प्रकरण अजून मनातून उतरत नाही. खरे म्हणजे त्याला प्रकरण म्हणावे असे त्यात फारसे काही नव्हते. खून नव्हता, दरोडा नव्हता, गुन्हाही दाखल झाला नाही. निवृत्तीनंतर ओळखीचे लोक एखाद्या मोठ्या तपासाची हकीकत विचारतात आणि मीही सांगतो. पण पाऊस लागून राहिला आणि माझ्या नाशिकच्या घराच्या खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसेनासा झाला, की मला आठवतो तो पोलीस ठाण्याच्या बाकावर ओल्या अंगाने बसलेला एक माणूस.

तेव्हा मी सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. श्रावण चालू होता. गडावर देवीच्या दर्शनाला गर्दी, त्यामुळे निम्मे कर्मचारी वणीच्या बंदोबस्तात अडकलेले. उरलेले पिंपळगाव बसवंतकडे निघालेले कांद्याचे टेम्पो चिखलात रुतले की ते काढायला जात. आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. गणवेश वाळत नसत. सगळे ठाणे दमट खाकीच्या वासाने भरलेले असे. आम्ही सारेच थकलेलो होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. तशी परिस्थिती होती, एवढेच.

एका सकाळी ओझरहून एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, बरोबर त्यांचे दीर. बाईंचे पती एका कारखान्यात फिटर होते आणि नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले होते. रांगेच्या पश्चिमेच्या टोकापासून चांदवडपर्यंत डोंगराडोंगराने एकट्याने चालत जायचे, ही त्यांची जुनी इच्छा होती. रोज संध्याकाळी एखाद्या गावात उतरायचे आणि घरी फोन करायचा, असे ठरले होते. दोन संध्याकाळी फोन आला नव्हता, आणि त्यांचा मोबाइल बंद लागत होता.

"अशा पावसात एकट्यांना कशाला जाऊ दिलंत?" मी विचारले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, सगळा जन्म पहिल्या शिफ्टला, रात्रीच्या शिफ्टला जाऊ दिलं, तेव्हा मला कोणी विचारलं नाही. एकदा स्वतःच्या मनाने निघाले. गुडघे चालतायत तोवर जाऊन येतो, म्हणाले. काय अडवायचं?"

ठाणे अंमलदाराने मिसिंगची नोंद घेतली. उंची, वर्ण, बांधा, अंगावरचे कपडे. दिरांनी घरून निघतानाचा फोटो दाखवला. पाठीला सॅक, अंगात लालभडक रेनकोट, चेहऱ्यावर शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलासारखे हसू. "लाल रेनकोट" या शब्दांखाली मी स्वतः रेघ ओढली. धुक्यात बाकी काही दिसले नाही तरी लाल रंग दिसतो, हा माझा हिशेब. पायथ्याच्या गावांतल्या पोलीस पाटलांना फोन गेले. डोंगरांत शोधकार्य करणारे स्वयंसेवक नाशिकहून आले. सर्वांना प्रश्न एकच होता: लाल रेनकोट घातलेला माणूस पाहिला का? आणि सगळीकडून उत्तरही एकच येत होते: नाही.

आमचे हवालदार जुने होते. खिडकीतून धुक्याच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत ते म्हणाले, "साहेब, डोंगरातला माणूस पाऊस लागला की खाली टपरीवर येऊन बसतो, आणि शहरातला पाऊस बघून वर जातो. शिकलेला कोण, ते आता तुम्हीच ठरवा."

दुसऱ्या दिवशी खबर आली ती टपरीवरूनच. आठवडे बाजाराचा दिवस होता. बाजारतळाजवळचा चहावाला फोनवर हळू आवाजात म्हणाला, "सायेब, तुमचा लाल रेनकोट माझ्यापुढं बसून चहा पितोय. पण आतला मानूस दुसराच हे."

आम्ही पोचलो तेव्हा तो माणूस खरोखरच चहा पीत होता. चाळिशीचा, काटक, डोंगरातल्या एका पाड्यावर भात-नागली पिकवणारा. बाजाराला मीठ आणि तेल न्यायला आला होता. हवालदारांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो एवढेच म्हणाला, "चहा संपवू का?" आणि चहा संपवून आमच्याबरोबर जीपमध्ये बसला.

चोरीचा माल अंगावर घालून कोणी भर बाजारात बसत नाही. ही गोष्ट मी नव्या शिपायांना शिकवत असे. त्या दिवशी ती माझ्या डोक्यात आली होती, हे मला स्पष्ट आठवते. पण मी तिच्यापाशी थांबलो नाही. डोंगरातल्या दऱ्यांत एक माणूस कुठेतरी पडलेला असणार, आणि त्याच्यापर्यंत नेणारी एकच वस्तू माझ्या समोर होती.

"रेनकोट कुठून आणलास?"

"दिला."

"कोणी?"

"वाटंवरच्यानं. खिंडीत भेटला व्हता."

"कशाला दिला?"

"पाऊस व्हता."

"पाऊस होता म्हणून त्याने स्वतःचा रेनकोट काढून तुला दिला?"

"हां."

हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, हा आपल्याला येडं समजतोय."

मी पुन्हा विचारले, वेगवेगळ्या रीतीने विचारले. त्या वाटसरूची सॅक कुठे आहे, पैसे कुठे आहेत, झटापट झाली का. प्रत्येक वेळी तो "नाय" एवढेच म्हणत होता. माझा आवाज चढत गेला. तुझ्या बायकोलाही इथे आणून बसवू, असेही मी बोललो. मी हात उगारला नाही, आणि त्या वेळी मला त्याचे समाधानही वाटत होते. आज वाटते, माणसाला दुखवायला हाताची गरज असतेच असे नाही.

दोन पंच बोलावून रेनकोट पंचनाम्याने जप्त केला, पाकिटात घालून लाखेचे सील लावले. रेनकोटखाली त्याच्या अंगात एक विरलेला सदरा होता. सदरा पाठीला चिकटला होता. ठाण्याच्या दारातून वारा येत होता आणि बाक दारासमोरच होता. मी स्वयंसेवकांना निरोप दिला की खिंडीखालचा कडा आणि दरीचा तळ बघा. तो निरोप कशासाठी होता, हे त्यांना सांगावे लागले नाही. ते दोर लावून त्या निसरड्या कड्यावरून उतरत राहिले, आणि तो माणूस बाकावर बसून राहिला.

दुपारच्या सुमारास बाईंना रेनकोट ओळखण्यासाठी बोलावले. पाकीट उघडून दाखवले. खिशाजवळ फाटलेल्या जागी त्यांनी चिकटपट्टी लावून दिली होती, तीवरून त्यांनी ओळखला. रडल्या नाहीत. खुर्चीची पाठ धरून विचारले, "हा कोणाकडे होता?"

मी बाकाकडे बोट केले. सावध राहा, असेही सुचवले. त्या सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, ते तुम्हाला भेटले तेव्हा काय म्हणाले?"

मी सकाळपासून त्याला "तू" म्हणत होतो. कोणीतरी "तुम्ही" म्हटले म्हणून असेल, त्याने मान वर केली.

"जयभीम म्हनले. मंग मी रामराम केला."

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिले. "तेच आहेत, साहेब. ओळखीचा असो, अनोळखी असो, आधी जयभीम, मग बाकीचं. बसच्या कंडक्टरलासुद्धा. मी चिडवते, अहो, समोरचा बघून तरी बोला." मग पुन्हा त्याच्याकडे वळून, "त्यांना थंडी वाजत होती का?"

"लय. दात वाजत व्हते. आतून घामानं भिजलेले, वरून ह्यो प्लॅस्टिकचा कागद. ह्यात ऊब नाय ना, बाई."

"मग तुम्ही त्यांना काय दिलंत?"

तो थोडा संकोचला. जमिनीकडे बघत म्हणाला, "घोंगडी."

बाई त्याच्याशेजारी बाकावर बसल्या.

"मी उघडा जाईन म्हनून त्यांनी ह्यो काढून दिला," तो सावकाश सांगू लागला. "मी नको म्हनलो. ते म्हनले, मंग मला बी घोंगडी नको. म्हनून घेतला. चांदवडहून परतताना माझ्या पाड्यावर येऊन बदलू, असं ठरलं. ते धोडप किल्ल्याच्या वाटंला लागले."

मी विचारले, "हे सकाळीच का सांगितलं नाहीस?"

तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी काही अभद्र विचारले आहे.

"सायेब, दिलेलं सांगत्यात व्हय?"

मी त्याने काय घेतले ते सकाळपासून विचारत होतो. त्याने काय दिले, हे मला विचारायचे सुचलेच नाही. आणि त्यांच्या रीतीप्रमाणे ते विचारल्याशिवाय सांगायचे नसते. तिकडे सबंध पायथ्याने आम्हाला खरेच उत्तर दिले होते. लाल रेनकोटवाला कोणी पाहिलाच नव्हता. काळी घोंगडी पांघरलेला माणूस दिसला असेल, तर श्रावणात त्याच्याकडे कोण लक्ष देईल?

हवालदारांनी पुन्हा फोन फिरवायला घेतले. आता वर्णन वेगळे होते: डोक्यावरून घोंगडी घेतलेला आणि जयभीम म्हणणारा. पाचसहा गावांनंतर एका पोलीस पाटलाने आपल्या चुलतीलाच फोन दिला. म्हातारीचा आवाज खणखणीत होता. "आला व्हता की. पानी मागितलं. मी म्हनलं, आमच्याकडच्या धनगरांनी जयभीम कवापासून धरला? तर हसला. लंगडत व्हता जरा. धुकं उठंस्तोवर बस म्हनलं, तर अंधाराच्या आत वरच्या किल्ल्याच्या गुहेत पोचतो म्हनला. आता धुकं कवा उठतंय?"

स्वयंसेवकांना कड्यावरून परत बोलावून त्या बाजूला पाठवले. खिंडीपासून ती जागा पार दुसऱ्या डोंगरावर होती. संध्याकाळ होता होता त्यांचा बिनतारी संदेश आला. किल्ल्याच्या पोटात कातळात खोदलेल्या गुहेत ते सापडले होते. शेवाळावरून घसरून नडगी मोडली होती, सॅक खाली गेली होती, फोन पाण्याने बंद पडला होता. घोंगडीत स्वतःला गुंडाळून ते भिंतीला टेकून बसले होते. पहिला स्वयंसेवक आत शिरला तेव्हा ते क्षीण आवाजात काय म्हणाले असतील, हे वाचकांना सांगायला नको. सकाळी त्यांना झोळीतून खाली आणले. डॉक्टर म्हणाले, लोकर भिजली तरी ऊब धरते. नुसत्या प्लॅस्टिकमध्ये हा माणूस इतका वेळ टिकला नसता.

पण मला सांगायचे आहे ते त्याच्या आधीचे. दुपारी म्हातारीचा पत्ता लागला तेव्हा मी त्या शेतकऱ्याला म्हणालो, "जा तू आता. तुझं काम झालं."

तो उठला. "त्यांचा कागद?"

"तो मुद्देमाल झालाय. सध्या मिळायचा नाही."

"बरं," तो म्हणाला.

दारात थांबून त्याने बाईंना सांगितले, "घोंगडी जाड हे, बाई. घोर नको." हवालदारांनी कोपऱ्यातली खताची रिकामी गोणी उचलली, तिची खोळ करून त्याच्या डोक्यावर घातली. मीठ-तेलाची पिशवी काखेत धरून तो पावसात निघाला. समोरच्या दुकानात छत्र्या टांगलेल्या होत्या. त्या मला दिसत होत्या. जीपही उभी होती. मी टेबलाकडे वळलो आणि पुढचा फोन घेतला, कारण तो फोन महत्त्वाचा होता. तो खरोखर महत्त्वाचा होताही. तरी एवढ्याने माझ्या मनाचे समाधान होत नाही.

घोंगडी त्याला आठवड्याच्या आत मिळाली. बाईंनी ती धुऊन, वाळवून दिराबरोबर पाड्यावर पाठवली. पायाला प्लास्टर असलेल्या त्यांच्या पतीने जबाबात लिहून दिले की रेनकोट मी त्या गृहस्थांना दिलेला आहे, तो त्यांनाच द्यावा. आमचे मात्र आदेशावाचून अडले. पंचनाम्याने घेतलेली वस्तू सोडायला न्यायालयाची परवानगी लागते. अर्ज, अभिप्राय, तारीख. मध्ये गणपतीचा बंदोबस्त आला, मग नवरात्रात गडाचा. कोणाची हयगय झाली असे नाही; सगळे नियमाने झाले.

रेनकोट हातात आला तेव्हा मी तो स्वतः घेऊन गेलो. जीप सोडून पाड्यापर्यंत चालत चढावे लागले. आकाश स्वच्छ होते, सगळी रांग एका नजरेत दिसत होती, उतारावर नागलीची कापणी चालली होती. तो बांधावर आला, हात पुसले, आणि मी पुढे केलेल्या त्या लाल घडीकडे पाहून नुसता हसला.

"आता कशाला आनला, सायेब? पाऊस सरला."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. त्याने रेनकोट घेतला, घरात खुंटीला टांगला, आणि मला बसायला पाट दिला. त्याची बायको काळा चहा घेऊन आली. पोलिसांनी नेले त्या दिवसानंतर तो तापाने अंथरुणाला खिळला होता, हे तिने बोलता बोलता सांगितले. लगेच त्याने तिला चूल बघायला आत पाठवले.

तपासाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. संशयिताकडे काय सापडले, याबरोबर त्याच्याजवळचे काय कमी झाले आहे, हेही पाहावे, असे मी पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगत आलो. ते कामाला येते. पण मी हे लिहिले ते त्यासाठी नाही. दिलेले सांगायचे नसते, ही त्या पाड्याची रीत. घेतलेले मात्र घेणाऱ्याने सांगावे, असे मला वाटते. मी एका माणसाकडून भर पावसात त्याच्या अंगावरचा रेनकोट काढून घेतला होता.