मस्कतची फेरी

“सहीची काळजी करू नका. ती कुणाला नाही म्हणत नाही.”

वाक्य इंग्रजीत होतं आणि माझ्याबद्दल होतं. मी शाळेच्या वाचनालयात मदतनीस होते. कपाटामागे खाली बसून परत आलेली पुस्तकं लावत होते. पलीकडे मोठ्या टेबलावर आमच्या फुटबॉल संघाची कॅप्टन लॅपटॉप उघडून दुबईच्या संयोजकाशी बोलत होती. सगळ्या क्लबांची मीटिंग सुरू व्हायला वीस मिनिटं होती. मी तिथे आहे हे तिला माहीत नव्हतं.

कॅप्टन आयर्लंडची, आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायची. दोन वर्षांपूर्वी तिनेच मला मैदानावर नेलं. तिच्या देशाचा फुटबॉल निराळा. चेंडू हातात घेता येतो, गोलचे खांब एच अक्षरासारखे वर उंच गेलेले, चेंडू जाळ्यात गेला तर तीन गुण, दांडीवरून गेला तर एक. मस्कतमध्ये आयरिश मुली संघ भरेल इतक्या नव्हत्या, म्हणून आम्ही भरतीच्या. मला पळता यायचं, आणि मैदानावर फार बोलावं लागत नाही हे मला आवडलं होतं. इंग्रजी नीट लिहिते म्हणून पुढे सेक्रेटरीही केलं. क्लबच्या कागदांवर तिची आणि माझी, अशा दोन सह्या लागायच्या.

आखातातल्या आठ संघांची स्पर्धा दरवर्षी दुबईत व्हायची, एकाच शुक्रवारी. हरलं की बाहेर. गुरुवारी शाळा सुटली की आम्ही निघायचो. बाकीच्या मुलींच्या पासपोर्टवर सीमेवर तिथल्या तिथे शिक्का पडायचा. माझा पासपोर्ट भारतीय, माझ्या व्हिसासाठी बाबा आधी पंधरा दिवस अर्ज भरून देणाऱ्या टायपिंगच्या दुकानात खेपा घालायचे. सकाळी अर्धा तास खेळायचं, दुबईच्या एखाद्या तगड्या संघाकडून हरायचं आणि जेवणाच्या आधी परतीला लागायचं.

“अर्ध्या तासासाठी व्हिसा?” बाबा म्हणाले होते. “तेवढ्यात तर आमचं टॉसवरचं भांडणही मिटत नाही.”

बाबा मस्कतमधल्या वादी कबीरच्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन. कोकणातल्या माणसांची टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा त्यांनी कित्येक वर्षं चालवली. त्यांचा नियम एकच, पहिली मॅच हरली म्हणून कुणी घरी जायचं नाही. “सोहारहून पिकअपमध्ये बसून आलेला माणूस. आठवड्यातला शुक्रवार तेवढा त्याचा. त्याला दहा वाजता सांगायचं, खलास, जा परत?” म्हणून दुधाच्या पावडरच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून दोन गट पाडायचे, प्रत्येकाला तीन मॅच द्यायच्या आणि मागे राहिलेल्यांची वेगळी फायनल ठेवायची, तिलाही कप. आणि मैदान दर वेळी दुसऱ्या गावाचं. लांबून यायची पाळी प्रत्येकावर आली पाहिजे.

दार्सैतच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, मी हे सगळं त्यांच्याकडून दोनदा ऐकून आमच्या स्पर्धेसाठी इंग्रजीत लिहून काढलं. चार संघांचे दोन गट, तीन फेऱ्या: दुबई, बहरीन, मस्कत. कॅप्टनने ते स्टाफरूममध्ये उभ्याउभ्याच वाचलं आणि म्हणाली की इतकं न्याय्य काही तिने अजून पाहिलं नव्हतं. मीटिंगमध्ये तूच मांडायचं, असंही म्हणाली. मी सहसा घरातलं बाहेर सांगत नाही. त्या दिवशी सांगितलं की बाबांना आठवड्यात एकच सुट्टी, माझ्या व्हिसाच्या वर त्यांचाही काढणं जमत नाही, त्यांनी मला एकदाही खेळताना पाहिलेलं नाही. मस्कतला फेरी झाली तर पाहतील. तिने माझा हात धरला. म्हणाली, त्यांची खुर्ची सगळ्यात पुढे.

मी घरी येऊन ते सांगितलं. इथे माझंच चुकलं, ठरायच्या आधी सांगितलं. बाबा पुढच्याच शुक्रवारी मस्कतमधल्याच सीबला जाऊन मैदान पावलांनी मोजून आले. तिथे साध्या फुटबॉलचे गोल होते. त्यांनी अर्बाबला, म्हणजे मालकाला, विचारून वर्कशॉपच्या भंगारातले पाइप घेतले आणि त्या गोलांवर बसतील असे उंच खांब वेल्ड केले. चार खांब. पांढरा रंग दिला. वर्कशॉपमधली माणसं विचारायची, हे काय, मांडव घालताय की काय? बाबा सांगायचे, मुलीची मॅच आहे.

मी कपाटामागून उठले. कॅप्टनचा चेहरा क्षणभर पडला, मग तिने हसून कागद पुढे केला. वाक्यं माझीच होती, स्वल्पविरामसुद्धा माझे. गट मात्र चिठ्ठ्यांनी पडणार नव्हते. एक तगड्यांचा, एक उरलेल्यांचा, आणि आम्ही तगड्यांत. मागे राहिलेल्यांचा कप गेला होता. तिन्ही फेऱ्या दुबईत.

मग तिनेच सांगितलं. जूनमध्ये तिचा करार संपत होता, ती कायमची परत जाणार होती. जायच्या आधी एकदा तिला वरच्या गटात खेळायचं होतं. तिथे एक जागा शिल्लक होती, आणि मस्कतची फेरी सोडली तर ती आम्हाला मिळणार होती. हे तीन आठवड्यांपूर्वी ठरलं होतं. त्या तीन आठवड्यांत आम्ही रोज एकत्र डबा खाल्ला होता. बाबांच्या खांबांचा फोटो मी तिला दाखवला होता, आणि ती ‘छान झालेत’ म्हणाली होती.

“तुझ्या बाबांना आपण व्हिडिओ पाठवू,” ती म्हणाली.

तेवढ्यात पडद्यावर एकेक चेहरा उघडायला लागला. मांडायला मला कुणी सांगितलं नाही, कॅप्टननेच मांडलं. बहरीनच्या बाईंनी विचारलं की दुबळ्यांनी दुबळ्यांशीच खेळायचं तर ते सुधारणार कधी. दुबईचे संयोजक म्हणाले, निदान मॅच तरी तीन मिळतील. दोघांचंही खोटं नव्हतं. मग बहरीनच्या बाईंनी विचारलं, मस्कतहून दर वेळी एवढ्या लांब यायचं, ते मस्कतला चालणार आहे का?

“आमच्या मुलींना प्रवासाचं काही वाटत नाही,” कॅप्टन म्हणाली. “आमच्या सेक्रेटरीलाच विचारा. दोन वर्षांत एकदाही तक्रार नाही.”

तिने कागद माझ्याकडे सरकवला. तिची सही झालेली होती. त्यावर पेन ठेवलेलं होतं, टोपण काढून. मी पेन उचललं, टोपण लावलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझा आवाज बारीक आहे, म्हणून मी जवळ सरकले.

“मी सही करणार नाही,” मी म्हणाले. “ही योजना माझ्या बाबांची आहे आणि तिच्यात मस्कतची फेरी होती. ती परत घाला. आमचे खांब तयार आहेत.”